ऑक्सफर्ड–केंब्रिज बोट रेस

ऑक्सफर्ड–केंब्रिज बोट रेस ही इंग्लंडमधील ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांमध्ये दरवर्षी होणारी वल्हवणीची शर्यत होय. इंग्लंडमध्ये तिला नुसते ‘द बोट रेस’ म्हणतात. विद्यापीठांची नावे जोडण्याची गरज तेथे कोणाला वाटत नाही. पहिली शर्यत १० जून १८२९ रोजी झाली. १८५६ पासून, दोन्ही महायुद्धांचा काळ आणि २०२० हे कोरोना साथीचे वर्ष वगळता, ती दरवर्षी होत आली आहे. लंडनच्या पश्चिम भागात थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक असा ४ मैल ३७४ यार्ड (सुमारे ६.८ किलोमीटर) लांबीचा तिचा मार्ग आहे. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास, ती भरविली जाते. स्त्रियांची शर्यत १९२७ मध्ये सुरू झाली. २०१५ पासून ती पुरुषांच्या शर्यतीच्याच दिवशी आणि त्याच मार्गावर होते.

विजेत्यास रोख बक्षीस नसते. वल्हवणारे सर्व जण त्या त्या विद्यापीठाचे विद्यार्थी असतात आणि त्यांना मानधन मिळत नाही. तरीही नदीच्या दोन्ही काठांवर सुमारे अडीच लाख लोक जमतात आणि दूरचित्रवाणीवर लाखो लोक ती पाहतात. पाहणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचा दोन्ही विद्यापीठांशी काडीचाही संबंध नसतो. पिढ्यान्‌पिढ्या एखादे कुटुंब ‘गडद निळे’ किंवा ‘फिकट निळे’ असते, एवढेच.

होडी आणि संघ

प्रत्येक होडीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू सांभाळणारा असे नऊ जण असतात. या नवव्या व्यक्तीला कॉक्स म्हणतात. प्रत्येक वल्हेकऱ्याकडे एकच लांब वल्हे असते. चार वल्ही एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. वल्हेकरी होडीच्या मागील टोकाकडे तोंड करून बसतात, म्हणजे ज्या दिशेने होडी जाते तिकडे त्यांची पाठ असते. समोरचे पाणी केवळ कॉक्सला दिसते. आपल्या किनाऱ्यावर मचव्याच्या तांडेलाला जो मान असतो तोच येथे कॉक्सला असतो, मग तो वयाने आणि अंगाने सर्वांत लहान का असेना. वजन कमी असणे ही कॉक्सची सोय आहे. आवाज, नदीची जाण आणि धीर हे त्याचे खरे भांडवल.

होडी सुमारे अठरा मीटर लांब आणि जेमतेम एका माणसाच्या बैठकीएवढी रुंद असते. पूर्वी ती लाकडाची असे, आता कार्बनच्या धाग्यांपासून बनविलेली व अतिशय हलकी असते. तिचा काठ पाण्यापासून फार उंच नसतो. शांत तळ्यासाठी घडविलेली ही वस्तू वाऱ्यापावसात लाटांवर नेली म्हणजे काय होते, ते पुढे येईलच. १८७३ मध्ये दोन्ही संघांनी प्रथमच सरकती बैठक वापरली. रुळांवर मागेपुढे होणाऱ्या या बैठकीमुळे केवळ पाठ आणि दंड यांच्या बळावर न अवलंबता पायांची ताकदही वल्ह्यापर्यंत पोहोचते.

शर्यत सतरा ते वीस मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात प्रत्येक जण सुमारे ६०० वेळा वल्हे ओढतो. त्यासाठी सप्टेंबरपासून आठवड्याचे सहा दिवस, पहाटे व दुपारी सराव चालतो आणि त्याच वेळी अभ्यास, निबंध व परीक्षाही सांभाळाव्या लागतात. निवड झालेल्या खेळाडूस ‘ब्लू’ हा विद्यापीठाचा सर्वोच्च क्रीडासन्मान मिळतो. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा. केंब्रिजच्या होडीला १८३६ मध्ये फिकट निळी फीत बांधण्यात आली, तेव्हापासून तो त्या विद्यापीठाचा रंग ठरला. मुख्य संघांच्या शर्यतीआधी राखीव संघांचीही शर्यत होते. पुरुषांत ऑक्सफर्डचा राखीव संघ ‘आयसिस’ व केंब्रिजचा ‘गोल्डी’, तर स्त्रियांत अनुक्रमे ‘ओसिरिस’ व ‘ब्लाँडी’ या नावांनी ओळखला जातो.

नदी, भरती आणि मार्ग

या शर्यतीचे वैशिष्ट्य समजण्यासाठी थेम्स नदीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. समुद्राची भरती या नदीत लंडन शहर ओलांडून टेडिंग्टनपर्यंत चढते. पटनी ते मॉर्टलेक हा मार्ग नदीच्या उगमाच्या दिशेने जातो, म्हणजे एरवी प्रवाहाविरुद्ध. पण शर्यत भरतीच्या वेळी, पूर्ण भरतीच्या सुमारे दीड तास आधी सुरू केली जाते. त्या वेळी पाणी समुद्राकडून आत लोटत असते आणि होड्या त्या लोटावर स्वार होऊन वर जातात. डहाणू, चिंचणी, तारापूर येथील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. भरतीच्या पाण्यावर होडी खाडीत घेण्याचे जे शास्त्र आहे तेच येथे लागू होते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे शर्यतीची तारीख व घटका पंचांगातल्या मुहूर्ताप्रमाणे दरवर्षी नव्याने काढावी लागते.

भरतीचे पाणी सगळीकडे सारख्या वेगाने चढत नाही. पात्राचा जो भाग सर्वांत खोल, तेथे लोट सर्वांत जोराचा. काठाजवळ पाणी उथळ आणि मंद असते. साहजिकच दोन्ही कॉक्सना तीच अरुंद, वेगवान पट्टी हवी असते आणि ती दोघांना पुरेल एवढी रुंद नसते. शर्यतीत वल्ही एकमेकांवर आदळण्याचे प्रसंग वारंवार येतात, ते यामुळे. पंच मागून मोटारबोटीने येत असतात व होडी आपल्या पाण्याबाहेर जाऊ लागली की संघाचे नाव घेऊन, निशाण दाखवून बजावतात. पंच हे पूर्वी या शर्यतीत वल्हविलेले खेळाडूच असतात. एका वर्षी ऑक्सफर्डचे, तर दुसऱ्या वर्षी केंब्रिजचे.

सुरुवातीला कोणी कोणत्या बाजूने जायचे हे नाणेफेकीने ठरते. त्यासाठी १८२९ सालचे सोन्याचे नाणे वापरतात. उत्तरेकडील बाजूस मिडलसेक्स आणि दक्षिणेकडील बाजूस सरे असे म्हणतात. या निवडीला फार महत्त्व आहे, कारण मार्गात तीन मोठी वळणे आहेत. पहिले वळण फुलहॅम फुटबॉल क्लबच्या क्रेव्हन कॉटेज मैदानाजवळचे असून ते मिडलसेक्स बाजूस अनुकूल आहे. त्यानंतर हॅमरस्मिथच्या झुलत्या पुलाखालून जाणारे लांबलचक वळण सरे बाजूच्या होडीला आतला, कमी अंतराचा मार्ग देते. शेवटचे, बार्न्स पुलाकडचे वळण पुन्हा मिडलसेक्सच्या पदरात पडते. सरे बाजू घेणाऱ्याने पहिल्या वळणावर फार मागे न पडता तग धरायचा आणि हॅमरस्मिथच्या वळणावर आघाडी घ्यायची. मिडलसेक्स घेणाऱ्याने सुरुवातीलाच निसटायचे, अशी ढोबळ नीती. एका होडीने पुढे जाऊन मध्ये मोकळे पाणी राखले की तिला दुसरीच्या पुढ्यात येण्याची मुभा मिळते. मागच्या होडीला मग समोरच्या वल्ह्यांनी घुसळलेल्या पाण्यातून जावे लागते. अशा स्थितीतून सावरलेले संघ इतिहासात थोडेच आहेत. चिझविक पुलाच्या थोडे अलीकडे शर्यत संपते.

वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो आणि मार्गाच्या काही भागांत तो भरतीच्या अगदी विरुद्ध दिशेने वाहतो. वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे. अशा वेळी आखूड व उभ्या लाटा उठतात आणि या ठेंगण्या होड्यांत पाणी शिरते. १८५९ मध्ये केंब्रिजची होडी बुडाली. १९१२ मध्ये तर दोन्ही होड्या पाण्याने भरल्या. ती शर्यत रद्द करून दोन दिवसांनी, १ एप्रिलला पुन्हा घेतली गेली व ऑक्सफर्डने जिंकली. १९२५ आणि १९५१ मध्ये ऑक्सफर्डवर, १९७८ मध्ये केंब्रिजवर हा प्रसंग आला. १९८४ मध्ये केंब्रिजच्या होडीचे वेगळेच झाले: शर्यत सुरू होण्यापूर्वी सराव करताना ती नांगरलेल्या पडावावर आदळून फुटली. शर्यत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या होडीतून झाली. ज्या तरुणांनी वर्षभर घाम गाळला, त्यांच्या श्रमाचे मोल एखाद्या झुळकेने ठरावे, हे अन्यायाचे वाटू शकते. सरळ, बंदिस्त, आखीव जलमार्गावर ही शर्यत घेतल्यास तो अन्याय दूर होईल. मात्र मग ती बोट रेस उरणार नाही.

इतिहास

शर्यतीची कल्पना दोन शाळासोबत्यांची. चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ व चार्ल्स मेरिव्हेल हे हॅरो येथील शाळेत एकत्र शिकले. पुढे पहिला ऑक्सफर्डला गेला, दुसरा केंब्रिजला. वर्ड्‌स्वर्थ हा सुप्रसिद्ध कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचा पुतण्या. ऑक्सफर्ड–केंब्रिज क्रिकेट सामनाही त्याच्याच पुढाकाराने १८२७ मध्ये सुरू झाला होता. मार्च १८२९ मध्ये केंब्रिजने ऑक्सफर्डला आठ वल्ह्यांच्या होडीच्या शर्यतीचे लेखी आव्हान दिले. ती हेन्ली येथे झाली. होड्या एकमेकींवर आल्याने पहिली सुरुवात रद्द करावी लागली. दुसऱ्या सुरुवातीनंतर ऑक्सफर्ड सहज जिंकले. त्या काळच्या वृत्तांनुसार सुमारे वीस हजार लोक ती पाहण्यास आले होते. या गर्दीचा अनुभव लक्षात ठेवून हेन्लीच्या नागरिकांनी १८३९ मध्ये स्वतःची नौकास्पर्धा सुरू केली. आज ती हेन्ली रॉयल रेगाटा म्हणून जगभर ओळखली जाते. वर्ड्‌स्वर्थ पुढे बिशप झाला, तर मेरिव्हेल रोमचा इतिहासकार आणि ईली येथील कॅथीड्रलचा प्रमुख धर्माधिकारी.

दुसरी शर्यत व्हायला सात वर्षे लागली. १८३६ मध्ये ती लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ते पटनी अशी झाली व केंब्रिजने जिंकली. वेस्टमिन्स्टरच्या पाण्यात वाफेच्या बोटींची व मालवाहू पडावांची दाटी वाढल्यामुळे १८४५ मध्ये शर्यत वरच्या बाजूला, पटनी–मॉर्टलेक मार्गावर हलविण्यात आली. १८४६, १८५६ आणि १८६३ या तीन वर्षी ती उलट दिशेने, मॉर्टलेकहून पटनीकडे झाली. १८४९ मध्ये मार्च व डिसेंबर अशा दोन शर्यती झाल्या. त्यांपैकी डिसेंबरमधील शर्यतीत नियमभंगामुळे ऑक्सफर्डला विजयी घोषित केले गेले. असा निकाल पुन्हा कधी लागला नाही. पराभूत विद्यापीठाने विजेत्याला पुढील वर्षासाठी आव्हान द्यायचे ही प्रथा अजून पाळली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यत लंडनचा लोकोत्सव बनली. १८७० मध्ये ती पाहण्यासाठी हॅमरस्मिथच्या जुन्या पुलावर हजारो लोक चढले. पूल एवढा भार सोसेल का, या चिंतेने पुढील काळात त्याऐवजी नवा पूल बांधण्याचा निर्णय झाला आणि १८८७ मध्ये नवा पूल खुला झाला.

२४ मार्च १८७७ रोजी झालेल्या शर्यतीचा निकाल ‘बरोबरी’ असा देण्यात आला. दोनशे वर्षांच्या इतिहासातील ही एकमेव बरोबरी. आघाडीवर असलेल्या ऑक्सफर्डच्या पुढच्या वल्हेकऱ्याचे वल्हे शेवटच्या टप्प्यात निकामी झाले आणि केंब्रिजने त्यांना गाठले. समाप्तीच्या जागी त्या वेळी खांब नव्हते. निकाल द्यायचा तो जॉन फेल्प्स या वयोवृद्ध व्यावसायिक नावाड्याने. तो झुडपाखाली झोपला होता, दारू प्यायला होता, त्याने ‘बरोबरी, पण ऑक्सफर्ड सहा फुटांनी पुढे’ असे काहीतरी विचित्र सांगितले, अशा कथा पुढे रूढ झाल्या. त्या मनोरंजक आहेत आणि म्हणूनच टिकल्या. श्रीमंतांच्या मुलांच्या शर्यतीतील घोळाचे खापर पोटासाठी होडी चालविणाऱ्या म्हाताऱ्यावर फोडणे त्या समाजाला सोयीचेही होते. वाऱ्याने हेलकावणाऱ्या दोन होड्या खुणेवाचून रेषा ओलांडत असताना डोळ्यांनी निवाडा करणे कोणालाही अवघडच गेले असते. यानंतर समाप्तीरेषेवर खांब उभारले गेले.

विसाव्या शतकात केंब्रिजने १९२४ ते १९३६ अशा सलग तेरा शर्यती जिंकल्या. बीबीसीने १९२७ मध्ये नभोवाणीवरून आणि १९३८ मध्ये दूरचित्रवाणीवरून शर्यतीचे पहिले प्रक्षेपण केले. दुसऱ्या महायुद्धात लंडनबाहेर चार अनधिकृत शर्यती झाल्या. त्यांत भाग घेणाऱ्यांना ‘ब्लू’ देण्यात आला नाही. १९७६ ते १९८५ या दशकात ऑक्सफर्ड सलग दहा वेळा जिंकले. त्यांतील १९८० च्या शर्यतीत केंब्रिज अवघ्या सहा फुटांनी हरले. हरलेल्या होडीत पुढे नट म्हणून प्रसिद्ध झालेला ह्यू लॉरी होता. त्याचे वडील रॅन लॉरी यांनी १९३४ ते १९३६ अशी तीन वर्षे केंब्रिजसाठी वल्हविले होते आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले होते. सर्वांत निसटता निकाल २००३ चा: ऑक्सफर्ड एका फुटाने विजयी. त्या दिवशी भावांच्या दोन जोड्या परस्परविरुद्ध होड्यांत बसल्या होत्या.

२०१२ मध्ये एक आंदोलक, शिक्षणातील व समाजातील उच्चभ्रूपणाचा निषेध म्हणून, पोहत होड्यांच्या वाटेत आला. पंचांनी शर्यत थांबविली. सुमारे अर्ध्या तासाने ती पुन्हा सुरू होताच वल्ही आदळली, ऑक्सफर्डचे एक वल्हे तुटले आणि सात वल्ह्यांनी झुंजणारा त्यांचा संघ हरला. शर्यत संपताच त्यांचा एक खेळाडू शुद्ध हरपून कोसळला. केंब्रिजने विजयोत्सव केला नाही. आंदोलकास सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

२०२१ मध्ये साथीचे निर्बंध आणि हॅमरस्मिथ पुलाची धोकादायक अवस्था यांमुळे शर्यत थेम्सऐवजी ग्रेट ऊझ नदीवर, ईली येथे, प्रेक्षकांविना झाली. पहिल्या आव्हानाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या मेरिव्हेलने आयुष्याची अखेरची वीसहून अधिक वर्षे ज्या गावी काढली, तेच हे ईली.

स्त्रियांची शर्यत

पहिली स्त्री कॉक्स १९८१ मध्ये ऑक्सफर्डच्या पुरुष संघात आली. तिचे नाव स्यू ब्राउन. तिच्या सुकाणूखाली ऑक्सफर्डने आठ होड्यांच्या अंतराने विजय मिळविला आणि ‘मुलीला हे जमेल का’ ही चर्चा एका दुपारीत संपली.

स्त्रियांची स्वतःची शर्यत याच्या बरीच आधी, १९२७ मध्ये सुरू झाली होती. पण तिला शर्यत म्हणावे का, असा प्रश्न पडावा असे तिचे रूप होते. दोन्ही होड्यांनी एकाच वेळी शेजारून जायचे नव्हते. अर्ध्या मैलाच्या अंतरात प्रवाहाच्या दिशेने जाताना वल्हविण्याची ढब पाहायची आणि परत येताना वेळ मोजायची, असा बेत होता. स्त्रियांनी उघडपणे चुरस करणे शोभत नाही, हा त्यामागील समज. ज्या केंब्रिजच्या नावाने न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी त्या दिवशी होडीत बसल्या, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ मध्ये सुरुवात केली. ऑक्सफर्डने ते १९२० मध्ये केले होते. विद्यापीठासाठी वल्हे मारण्याचा अधिकार मिळाला, पण त्या विद्यापीठाची पदवी नाही, अशी ही परिस्थिती होती.

पुढे कित्येक वर्षे ही शर्यत अनियमितपणे झाली. १९७७ पासून ती हेन्लीला, मोजक्या प्रेक्षकांसमोर आणि कमी अंतरावर होऊ लागली. पुरुष संघांना प्रायोजक, प्रशिक्षक व नवी होडी मिळत असताना विद्यार्थिनी पुष्कळसा खर्च आपल्या खिशातून करीत. शर्यतीस अर्थसाहाय्य देणाऱ्या गुंतवणूक कंपनीच्या प्रमुख हेलेना मॉरिसी यांनी समान वागणुकीचा आग्रह धरला. ११ एप्रिल २०१५ रोजी स्त्रियांची शर्यत प्रथमच पटनी–मॉर्टलेक मार्गावर, पुरुषांच्याच दिवशी झाली. ऑक्सफर्ड जिंकले. पुढच्याच वर्षी वादळी पाण्यात केंब्रिजची होडी बार्न्सजवळ जवळजवळ पूर्ण भरली; वल्हेकरी कमरेपर्यंत पाण्यात बसून वल्हवीत राहिल्या आणि बुडत्या होडीने शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये केंब्रिजच्या स्त्रियांनी १८ मिनिटे ३३ सेकंदांचा विक्रम नोंदविला. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या सर्व शर्यती त्यांनीच जिंकल्या आहेत.

विद्यार्थी कोणास म्हणावे?

हा प्रश्न या शर्यतीच्या मुळाशी आहे आणि तो दर पिढीला नव्याने सतावतो. १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या संघात वाढलेल्या वयाचे, आंतरराष्ट्रीय अनुभव असलेले काही अमेरिकन पदव्युत्तर विद्यार्थी होते. सरावाची पद्धत आणि संघनिवड यांवरून त्यांचे क्लबचा अध्यक्ष डोनाल्ड मॅकडोनाल्ड व प्रशिक्षक डॅन टोपोल्स्की यांच्याशी तीव्र मतभेद झाले. बंडखोरांनी संघ सोडला. राखीव खेळाडूंची भर घालून उभा केलेला संघ खराब हवामानात, सर्वांचे अंदाज चुकवीत जिंकला. टोपोल्स्की यांच्या ‘ट्रू ब्लू’ या पुस्तकावर १९९६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला. मात्र बंडखोरांची बाजू मांडणारे पुस्तकही प्रसिद्ध झाले असून दोन्ही वाचल्याशिवाय या प्रकरणावर मत बनवू नये.

२०१९ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदकविजेते जेम्स क्रॅकनेल यांनी वयाच्या ४६ व्या वर्षी केंब्रिजकडून भाग घेतला. इतक्या वयाचा वल्हेकरी या शर्यतीत पूर्वी झाला नव्हता. नंतर, पहिल्या पदवीचे शिक्षण सुरू केल्यापासून बारा वर्षांपर्यंतच भाग घेता येईल, असा नियम झाला. २०२५ मध्ये वाद आणखी वेगळ्या दिशेने गेला. केंब्रिजमधील काही खेळाडू शाळेत शिकविण्यासाठी आवश्यक असलेला एक वर्षाचा पदव्युत्तर शिक्षणशास्त्र अभ्यासक्रम करीत होते. आपल्याकडील बी.एड.शी त्याची तुलना करता येईल. तो अभ्यासक्रम पदवी नसून प्रमाणपत्र आहे, म्हणून हे विद्यार्थी अपात्र ठरतात, असा आक्षेप ऑक्सफर्डने घेतला आणि तो मान्य झाला. नियमाच्या शब्दांत तो बसतही असेल. परंतु पूर्वी याच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी या शर्यतीत उतरले होते. वर्गात उभे राहायला शिकणारा तो विद्यापीठाचा खरा विद्यार्थी नव्हे, असा अर्थ या निर्णयातून निघाला आणि ब्रिटनमधील शिक्षकवर्गाला तो झोंबला असल्यास नवल नाही. वगळलेल्या खेळाडूंविना केंब्रिजने त्या वर्षी पुरुष, स्त्रिया व राखीव अशा सर्व शर्यती जिंकल्या.

पाण्याची अवस्था

विजयी संघाने आपल्या कॉक्सला उचलून नदीत फेकायचे, ही जुनी गंमत. २०२४ मध्ये तिला खीळ बसली. शर्यतीपूर्वी केलेल्या तपासणीत थेम्सच्या पाण्यात ई. कोलाय या, मैलापाण्यातून येणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर आढळले. जखमा झाकाव्यात, अंगावर उडालेले पाणी तोंडात जाऊ देऊ नये, शर्यतीनंतर अंग धुवावे आणि नदीत उतरू नये, अशा सूचना संघांना देण्यात आल्या. ऑक्सफर्डच्या काही खेळाडूंना शर्यतीच्या आधी पोटाचा त्रास झाल्याचे त्यांच्या संघातर्फे सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये जोराच्या पावसात मैलावाहिन्यांतील अतिरिक्त पाणी थेट नद्यांत सोडले जाते. हा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत होता. कॉक्सला नदीत टाकता येत नाही, हे कळल्यावर तो जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला.

निकाल

२०२५ अखेर पुरुषांच्या १७० शर्यती झाल्या. त्यांत केंब्रिजने ८८, ऑक्सफर्डने ८१ जिंकल्या व एक बरोबरीत सुटली. स्त्रियांच्या ७९ शर्यतींपैकी केंब्रिजने ४९ व ऑक्सफर्डने ३० जिंकल्या. पुरुषांचा वेळेचा विक्रम केंब्रिजच्या नावावर असून १९९८ मध्ये त्यांनी १६ मिनिटे १९ सेकंदांत अंतर कापले होते. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहताना सावध राहावे. भरतीचा जोर व वारा दरवर्षी निराळा असल्यामुळे कमी वेळ म्हणजे अधिक चांगला संघ, असे समीकरण येथे मांडता येत नाही.

अन्यत्र

या शर्यतीचे अनुकरण इतर देशांत झाले. अमेरिकेत हार्वर्ड व येल यांची शर्यत १८५२ मध्ये सुरू झाली. ती त्या देशातील पहिली आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा मानली जाते. जपानमध्ये टोकियोच्या सुमिदा नदीवर वासेदा व केईओ या विद्यापीठांची शर्यत १९०५ पासूनची आहे.

भारतात ब्रिटिशांनी वल्हवणीचे क्लब लवकर स्थापन केले. कोलकात्याचा १८५८ चा, चेन्नईचा १८६७ चा आणि पुण्याचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. परंतु दोन विद्यापीठांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना आव्हान द्यावे, अशी परंपरा येथे रुजली नाही. आपल्याकडील होड्यांची चुरस गावागावांची राहिली. केरळमध्ये शंभराहून अधिक वल्हेकऱ्यांच्या सर्पाकृती नौका गावाच्या नावाने उतरतात, तर महाराष्ट्रात सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात. महाविद्यालयीन परंपरेत सर्वांत जुने नाव पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. मुळा नदीकाठच्या त्याच्या बोट क्लबची स्थापना १९२८ मधील असून तेथील विद्यार्थी दरवर्षी ‘रेगाटा’ हा नौकानयनाचा सोहळा करतात. त्यात शर्यतींपेक्षा पाण्यावरील रचना, कयाकींची प्रात्यक्षिके आणि मशालींचे नृत्य यांवर भर असतो. थेम्सला भेडसावणारा प्रश्न येथेही आहे: मुळा-मुठेतील सांडपाणी आणि पात्र झाकून टाकणारी जलपर्णी.

पुण्यातच दापोडी येथे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात सेनादलाचे रोइंग केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातून सैन्यात आलेले दत्तू भोकनळ येथेच वल्हवायला शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकेरी शर्यतीत तेरावे स्थान मिळविले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक जिंकले.